बारीक दशांश : खनिजाच्या खेपेतील कणांचे मोजमाप



लोहखनिजाची खेप बोटीवर चढते तेव्हा तिच्याबरोबर दोन प्रकारचे कागद जातात. एक खरेदीदारासाठी आणि दुसरा बोटीच्या कप्तानासाठी. खरेदीदाराच्या कागदावर लोहाचे प्रमाण, सिलिका, ॲल्युमिना, फॉस्फरस, आर्द्रता असे रकाने असतात आणि अगदी तळाशी एक-दोन ओळींत कणांचे आकारमान दिलेले असते. वाचणाऱ्याची नजर लोहाच्या टक्केवारीवर खिळते. आकारमानाची ओळ बहुधा न वाचताच उलटली जाते. आजच्या विवेचनाचा विषय ही उपेक्षित ओळ आहे. तिच्यावर मालाचा दर जसा अवलंबून असतो, तसेच बोटीवरील माणसांचे प्राणही अवलंबून असतात. गोव्यात खाणीवर, बार्जवर किंवा बंदरात पोट भरणारी घरे पुष्कळ आहेत आणि परदेशी बोटींवर जाणारे तारवटी तर गावोगाव आहेत. त्यामुळे हा विषय आपल्या शाळेच्या व्यासपीठावर परका वाटू नये.

डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतून निघणाऱ्या खनिजाचे व्यापारात दोन मुख्य भेद मानले जातात. ढेकळांच्या रूपातला माल म्हणजे ‘लम्प’ आणि चुऱ्याच्या रूपातला माल म्हणजे ‘फाईन्स’. गोव्याचे खनिज मुळात ठिसूळ असल्याने त्यात चुऱ्याचा भाग फार मोठा. मांडवी व जुवारी या नद्यांतून बार्जने मुरगावकडे जाणारा माल, मुरगावात १९७९ साली सुरू झालेला यांत्रिक खनिज-हाताळणी प्रकल्प, खोल पाण्यात नांगरलेल्या बोटी, हे चित्र आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना नव्याने सांगायला नको. २०१०-११ या वर्षी गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. पुढे २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले, २०१४ साली ते मर्यादा घालून पुन्हा सुरू झाले आणि २०१८ साली पट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाल्याने पुन्हा थांबले. त्या वादाचे येथे प्रयोजन नाही. आपल्याला पाहायचे आहे ते एवढेच की, लाखो टन मातीसारख्या दिसणाऱ्या मालाचे ‘आकारमान’ कोणी, कसे आणि कशासाठी मोजायचे.

प्रथम ‘कशासाठी’ हे पाहू. झोतभट्टीत खालून वर उष्ण वायू जात असतो व वरून खनिज, कोक आणि चुनखडी उतरत असते. वायूला वर जाण्यास वाट हवी. ढेकळांच्या फटींतून ती मिळते. चुऱ्याने मात्र फटी बुजतात, वायू कोंडतो आणि भट्टीचा श्वास अडखळतो. म्हणून ढेकळे सरळ भट्टीत जातात, तर चुरा आधी भाजून एकजीव करावा लागतो. या क्रियेला ‘सिंटरिंग’ म्हणतात. त्या सिंटरच्या थरातूनही हवा ओढून घ्यावी लागतेच. तेथे १५० मायक्रॉनखालची धूळ अति झाली की पुन्हा तीच अडचण. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) म्हणूनच खरेदीचे करार ‘१० मिलिमीटरखाली किमान इतके टक्के, १५० मायक्रॉनखाली कमाल इतके टक्के’ अशा भाषेत लिहिलेले असतात. भट्टीवाल्याला कणाच्या आकारमानाशी कर्तव्य नसते. त्याला दोन कणांमधील वाटेशी कर्तव्य असते. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण बोटीच्या पोटातही प्रश्न वाटेचाच आहे. फरक इतकाच की, तेथे वायूऐवजी पाणी असते.

आता मोजमापाकडे वळू. एकच गोटी असेल तर तिचा व्यास सांगता येतो. पण खनिजाचा कण गोटी नव्हे. तो वेडावाकडा, कधी चपटा, कधी लांबट असतो, आणि असे अब्जावधी कण एका खेपेत असतात. त्यांचे एकच आकारमान सांगणे निरर्थक. सांगायची असते ती वाटणी : कोणत्या मापाखाली एकूण वजनाचा किती हिस्सा आहे. त्यासाठीचे साधन आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे. ते म्हणजे चाळणी. मात्र प्रयोगशाळेच्या चाळणीची भोके चौकोनी व ठरावीक मापाची असतात, ती मापे आंतरराष्ट्रीय मानकांनी बांधून दिलेली असतात आणि मोठ्या भोकांची वर, लहान भोकांची खाली अशी चळत रचलेली असते. जुने लोक अजून ‘मेश’ची भाषा बोलतात. एक इंच लांबीत किती भोके, हा त्या आकड्याचा अर्थ. २०० मेश म्हणजे साधारण ७५ मायक्रॉन. या पद्धतीत आकडा वाढला की भोक लहान होते, आणि नवशिके नेमके तेथेच गोंधळतात. मिलिमीटर व मायक्रॉन बरे, असे माझे मत आहे.

चाळणी कणाची लांबी मोजत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. पेन्सिलीसारखा लांबट कण उभा राहिला की लहान भोकातून आरपार जातो. चाळणीला दिसते ती त्याची रुंदी. म्हणून चाळणीने मिळणारे माप हे ‘चाळणीचे माप’ असते. तोच माल बुडण्याच्या वेगावरून किंवा लेसर किरणांच्या विखुरण्यावरून मोजला तर आकडे थोडे निराळे येतात. ७५ मायक्रॉनच्या खाली, जेथे चाळणीची जाळी फार नाजूक होते, तेथे या दुसऱ्या पद्धती उपयोगी पडतात. पण दोन पद्धतींचे आकडे एकाच रकान्यात लिहून तुलना करू नये.

गोव्याच्या मालाबाबत आणखी एक अडचण आहे. त्यात चिकणमातीचा अंश असतो आणि ओलसर माती ढेकळाला चिकटून बसते. असा माल तसाच चाळला तर ढेकळासकट त्याच्या अंगची धूळही वरच्या चाळणीत राहते आणि कागदावर माल असतो त्यापेक्षा जाड दिसतो. उपाय दोन आहेत : भट्टीत वाळवून चाळणे किंवा पाण्याची धार सोडून धूत धूत चाळणे. धुऊन चाळल्यावर बारीक हिश्श्याचा आकडा वाढतो. विक्रेत्याला हे आवडत नाही. परंतु खरा आकडा तोच असतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. वाळवलेला ५० किलोचा नमुना आहे. १० मिलिमीटरच्या चाळणीवर ४ किलो राहिले, १० व १ मिलिमीटर यांच्या दरम्यान २१ किलो, १ मिलिमीटर व १५० मायक्रॉन यांच्या दरम्यान १२ किलो आणि तळाच्या थाळीत १३ किलो. म्हणजे १० मिलिमीटरखाली ९२ टक्के, १ मिलिमीटरखाली बरोबर ५० टक्के, १५० मायक्रॉनखाली २६ टक्के. करार ‘१० मिलिमीटरखाली किमान ९० टक्के, १५० मायक्रॉनखाली कमाल ३० टक्के’ असा असेल तर खरेदीदार समाधानाने सही करील. पण हाच तक्ता कप्तानाच्या हाती दिला तर त्याने सावध झाले पाहिजे. त्याचे कारण पुढे येईलच. तत्पूर्वी हा ५० किलोचा नमुना आला कोठून, हे विचारले पाहिजे, कारण मोजमापातील मोठ्या चुका चाळणीवर होत नाहीत; त्या चाळणीपर्यंत माल पोहोचण्यापूर्वीच होऊन गेलेल्या असतात.

चिवड्याचा डबा आठवावा. वरून घेतलेल्या मुठीत पोहे आणि दाणे येतात. मीठ, मसाला, जिरे तळाशी साचलेले असतात. मालाचा ढीगही असाच वागतो. पट्ट्यावरून माल पडून ढीग उभा राहतो तेव्हा मोठी ढेकळे उतारावरून घरंगळत पायथ्याशी जातात आणि चुरा मध्यभागी राहतो. पायथ्याशी उभा राहून फावड्याने नमुना घेणारा माणूस अप्रामाणिक नसला तरी त्याच्या हाती जाड मालच लागतो. शिवाय ढिगाचा वरचा थर उन्हाने वाळलेला आणि आतला ओला असतो; म्हणजे आर्द्रतेचा आकडाही त्याच फावड्याने बिघडतो. बार्जमध्ये भरलेल्या मालाची गोष्ट याहून वेगळी नाही.

यावर खात्रीचा मार्ग म्हणजे माल वाहता असताना नमुना घेणे. पट्ट्याच्या टोकाशी पडणाऱ्या धारेला एक कापणारे पात्र ठरावीक अंतराने आडवे छेदून जाते आणि धारेची पूर्ण रुंदी कापून आणते. पात्राचे तोंड मालातील सर्वांत मोठ्या ढेकळाच्या किमान तिप्पट रुंद असावे लागते, नाही तर ढेकळे काठावर आपटून बाहेर उडतात आणि नमुना आपोआप बारीक होतो. लोहखनिजासाठी हे सारे आयएसओ ३०८२ या मानकात सांगितलेले आहे; चाळण्याची रीत ४७०१ मध्ये आणि आर्द्रतेची ३०८७ मध्ये. नमुना किती मोठा हवा, याचे गणित पिएर जी या फ्रेंच शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यास मांडले. त्याचा गाभा सोपा आहे. चुकीची व्याप्ती कणाच्या व्यासाच्या घनाशी निगडित असते. म्हणून ढेकळे दुप्पट मोठी झाली तर तितक्याच विश्वासासाठी नमुना आठपट जड हवा. चुऱ्याला पुरणारी पिशवी ढेकळांना पुरत नाही ती यामुळे. अलीकडे पट्ट्यावर कॅमेरे बसवून छायाचित्रांवरून कण मोजण्याची सोय झाली आहे. खडी फोडण्याच्या यंत्रावर नजर ठेवण्यास ती उत्तम आहे, परंतु कॅमेऱ्याला वरचा थर दिसतो आणि बारीक माल तर ढेकळांखाली दडलेला असतो. बोटीच्या सुरक्षिततेचा निर्णय तिच्यावर सोपवू नये.

आता कप्तानाच्या कागदाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲलन हेझन या अमेरिकन अभियंत्याने पाणी गाळण्याच्या वाळूचा अभ्यास केला. वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपेल हे सरासरी कणावर ठरत नाही, असे त्याला आढळले. ते ठरते सर्वांत बारीक अशा दहा टक्क्यांवर. ज्या मापाखाली वजनाचा दहावा हिस्सा येतो त्या मापाला त्याने ‘परिणामकारक आकारमान’ म्हटले आणि झिरपण्याचा वेग या मापाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, असे दाखवले. माप निम्मे झाले की वेग चौथाई. कारण उघड आहे. मोठ्या कणांमधील फटीत लहान कण बसतात, त्यांच्या फटीत त्यांहून लहान. शेवटी वाट अडवतो तो सर्वांत बारीक. नव्वद टक्के माल कितीही जाड असला तरी उरलेला दशांश पाण्याला कोंडून धरू शकतो.

हे बोटीच्या होल्डमध्ये घडते तेव्हा काय होते? रव्याचा डबा भरून ओट्यावर आपटला की रव्याची पातळी खाली जाते. कण जवळ येतात, फटी आकसतात. बोटीवर हे आपटण्याचे काम इंजिनाची थरथर आणि लाटा रात्रंदिवस करीत असतात. फटींत निव्वळ हवा असेल तर ती निघून जाते आणि माल घट्ट बसतो. फटींत पाणी असेल आणि माल जाड असेल तर पाणी खाली झिरपून गटारात जाते व पंपाने काढता येते. परंतु माल बारीक असेल तर पाण्याला पळायला वेळच मिळत नाही. फट आकसते, पाणी दबले जाते, पाण्याचा दाब वाढतो. आजवर एक कण दुसऱ्या कणावर टेकून वरचा भार तोलत होता. आता तो भार पाणी तोलू लागते. कणांमधले घर्षण नाहीसे होते आणि काल ज्यावर माणूस बूट घालून चालत होता तो ढीग आज पातळ लापशीसारखा वाहू लागतो. जमिनीतील पाण्याच्या दाबाचे हे शास्त्र कार्ल तेर्झागी यांनी १९२० च्या दशकात इमारतींच्या पायांसाठी मांडले होते. भूकंपात वाळवट जमीन घरे गिळते ती याच कारणाने.

लोहखनिज जड असल्याने बोट वजनाने भरते, जागेने नाही. होल्डचा वरचा भाग रिकामाच राहतो. म्हणून पातळ झालेल्या मालाला सरकायला ऐसपैस जागा मिळते. बोट एका कुशीवर कलली की माल तिकडे वाहतो; बोट परत सरळ होऊ पाहते तेव्हा तो पूर्ण परत येत नाही. पुढच्या लाटेला कल आणखी वाढतो. हे घडायला पुष्कळदा काही मिनिटे पुरतात, आणि कप्तानाला संकटाची जाणीव होते तेव्हा उपायाची वेळ टळलेली असते.

आपल्या किनाऱ्यांनी हे पाहिले आहे. जुलै २००९ मध्ये, ऐन पावसाळ्यात, नवमंगळूर बंदरातून लोहखनिजाचा चुरा घेऊन चीनकडे निघालेली ‘एशियन फॉरेस्ट’ ही बोट मंगळूरजवळच बुडाली; सुदैवाने सर्व अठरा खलाशी वाचले. त्याच वर्षी ९ सप्टेंबर रोजी पूर्व किनाऱ्यावर पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’ बुडाली. तिच्यावरही लोहखनिजाचा चुराच होता, आणि तिच्यावरील एका अभियंत्याचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी, २०१० च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, इंडोनेशियातून निकेलचे खनिज घेऊन निघालेल्या ‘जियान फू स्टार’, ‘नॅस्को डायमंड’ आणि ‘हाँग वेई’ या तीन बोटी पाठोपाठ बुडाल्या आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. २०११ च्या नाताळच्या दिवशी ‘विनालाइन्स क्वीन’ गेली. तेवीस जणांपैकी एकटा वाचला. माल वेगवेगळा, पण बारीक आणि ओला.

सुट्या घन मालाच्या सागरी वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संहिता १ जानेवारी २०११ पासून बंधनकारक झाली. तिच्यात मालाचे तीन गट आहेत : पातळ होऊ शकणारा तो ‘अ’, रासायनिक धोक्याचा ‘ब’, आणि या दोन्हींत न मोडणारा ‘क’. पंचाईत अशी होती की, संहितेच्या यादीत ‘लोहखनिज’ या नावाचा माल ‘क’ गटात होता आणि चुऱ्यासाठी वेगळी नोंदच नव्हती. चुरा पाठवणारा ‘हेही लोहखनिजच’ म्हणून मोकळा होऊ शके. ही त्रुटी भरून निघाली ती ‘आयर्न ओअर फाईन्स’ या स्वतंत्र नोंदीने, जी १ जानेवारी २०१७ पासून बंधनकारक आहे. तिची व्याख्या पूर्णपणे चाळणीवर उभी आहे : १ मिलिमीटरखाली दहा टक्के वा अधिक आणि १० मिलिमीटरखाली पन्नास टक्के वा अधिक, अशा दोन्ही अटी पुऱ्या होत असतील तर माल ‘अ’ गटात. हेझनचा दशांश येथे कायद्याच्या रूपाने परत भेटतो. गोएथाइट हे जलयुक्त लोहखनिज ३५ टक्के वा अधिक असेल तर मात्र या गटातून सूट आहे, कारण ते पुष्कळ पाणी आपल्या सूक्ष्म छिद्रांत धरून ठेवते.

मघाच्या ५० किलोच्या तक्त्याकडे पुन्हा पाहावे. १ मिलिमीटरखाली ५० टक्के, १० मिलिमीटरखाली ९२. खरेदीदाराला पसंत पडलेला तो माल निःसंशय ‘अ’ गटातला आहे.

‘अ’ गट म्हणजे बंदी नव्हे. त्याचा अर्थ इतकाच की, प्रत्येक मालाला आर्द्रतेची एक कमाल मर्यादा असते आणि ती ओलांडलेला माल साध्या बोटीवर चढवायचा नाही. ही मर्यादा सर्वांना सारखी नसते. ती प्रत्येक मालासाठी प्रयोगाने काढावी लागते. जुन्या रीतीत थरथरत्या मेजावर मालाचा छोटा शंकू ठेवून, पाणी वाढवत वाढवत तो कधी पसरू लागतो ते पाहतात आणि त्या आर्द्रतेच्या नव्वद टक्के ही मर्यादा मानतात. ही रीत बारीक मालाला, मुख्यतः १ मिलिमीटरपर्यंतच्या कणांना आणि फार तर ७ मिलिमीटरपर्यंत, लागू पडते. लोहखनिजाच्या चुऱ्यासाठी आता सुधारित प्रॉक्टर-फागरबर्ग कसोटी आहे : दंडगोलात माल थराथराने भरून १५० ग्रॅमचा हातोडा १५ सेंटिमीटरवरून पाडत तो ठोकायचा, आणि फटींचा ऐंशी टक्के भाग पाण्याने भरेल ती आर्द्रता मर्यादा म्हणून घ्यायची. ही मर्यादा बोट भरण्यापूर्वी सहा महिन्यांच्या आत काढलेली असावी लागते आणि प्रत्यक्ष आर्द्रता सात दिवसांच्या आत मोजलेली. मध्ये पाऊस पडला तर माल अद्याप मर्यादेत आहे याची पुन्हा तपासणी.

या ‘सात दिवसां’चे मोल आपल्याइतके कोणाला कळणार? मांडवीच्या मुखाशी पावसाळ्यात बार्ज बाहेर काढता येत नाही, ती कुंभारजुवेंच्या खाडीतून आत वळवावी लागते. अशा मुलखात चार महिने उघड्यावर भिजलेला ढीग ऑक्टोबरमध्ये वरून कोरडा दिसतो. सोमवारी पायथ्याच्या पाच पिशव्या भरून काढलेली आर्द्रता शुक्रवारी ढिगाच्या पोटातून बार्जमध्ये पडणाऱ्या मालाला लागू होत नाही, मग प्रमाणपत्रावरचा शिक्का कितीही ताजा असो.

चाळणीशिवाय केलेला गट किती महाग पडतो याचा दाखला लोहखनिजाबाहेरचाही आहे. बॉक्साइट हा माल दीर्घकाळ ‘क’ गटात होता. संहितेत त्याचे वर्णन ७० ते ९० टक्के ढेकळे व उरलेली भुकटी असे होते, आणि आर्द्रता १० टक्क्यांपर्यंत. २ जानेवारी २०१५ रोजी मलेशियातील क्वांतान बंदरातून बॉक्साइट घेऊन निघालेली ‘बल्क ज्युपिटर’ व्हिएतनामच्या समुद्रात बुडाली. एकोणिसांपैकी अठरा जण गेले. क्वांतानला त्या दिवसांत धुवाधार पाऊस झाला होता. नंतरच्या अभ्यासात दिसले की, बारीक अंश पुरेसा असलेल्या बॉक्साइटमधून पाणी वर निघून चिखलाचा थर तयार होतो आणि तो थर हिंदकळून बोटीचा तोल घालवतो. म्हणजे तऱ्हा थोडी वेगळी, शेवट तोच. आता बॉक्साइटच्या चुऱ्याचीही चाळणीवर आधारलेली व्याख्या आहे : १ मिलिमीटरखाली ३० टक्क्यांहून अधिक आणि २.५ मिलिमीटरखाली ४० टक्क्यांहून अधिक असेल तर तो ‘अ’ गटात. ही नोंद १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक झाली.

बोटीवर प्रयोगशाळा नसते. माल भरला जात असताना शंका आली तर कप्तानाच्या हाती एकच कसोटी आहे, आणि ती आपल्या शाळेच्या विज्ञान-कक्षातही करून पाहता येईल. अर्धा ते एक लिटरचा पत्र्याचा डबा मालाने अर्धा भरावा; सुमारे २० सेंटिमीटर उंचीवरून तो कठीण पृष्ठभागावर, एक-दोन सेकंदांच्या अंतराने, पंचवीस वेळा आपटावा. वर पाणी दिसू लागले किंवा माल थुलथुलीत झाला, तर भरणे थांबवून प्रयोगशाळेची तपासणी मागवावी. माल कोरडा दिसला म्हणून तो सुरक्षित ठरतो असे मात्र नाही. पाण्याचा थेंब वर न येताही आर्द्रता मर्यादेपलीकडे असू शकते. डबा ‘नको’ म्हणू शकतो, ‘चालेल’ म्हणू शकत नाही. ‘चालेल’ म्हणण्याचा अधिकार पट्ट्याच्या टोकाशी नीट घेतलेल्या नमुन्याला आहे.